झोपेतले गुद्दे

"अगं, डब्याचं झाकण लावायला मुहूर्त बघतेस का? दुकान उघडायची वेळ झाली!"

काका ओरडले. काकूंची बोटं झाकणाशी सावकाश झटत राहिली. चेहऱ्यावर ना हसू, ना राग. काकांना वाटलं, बाई मुद्दाम तोंड पाडून बसते. काका कुलपं-किल्ल्यांचं काम करत. कसलंही अडलेलं कुलूप उघडून देत. पण घरात गेली तीन वर्षं ते बाहेरच्या खोलीत झोपत होते. कुणी विचारलं तर म्हणत, "तिकडे वारा बरा येतो."

काकूंचा उजवा हात थरथरू लागला, तेव्हा लेकीने दोघांना डॉक्टरीणबाईंकडे नेलं. त्यांनी काकूंना चालायला लावलं, बोटांची उघडझाप करायला लावली.

"पार्किन्सनची लक्षणं दिसताहेत. झोप कशी असते यांची?"

"छान!" काका पटकन म्हणाले.

"बाबा, तुम्ही बाहेर झोपता, तुम्हाला काय ठाऊक?" लेक म्हणाली. "मागच्या आठवड्यात आई पलंगावरून पडली. टाके पडले कपाळाला."

काकांनी काकूंच्या कपाळाकडे पाहिलं. खूण अजून लाल होती. त्यांनी मान खाली घातली.

"ती झोपेत गुद्दे मारते हो. 'हट मेल्या, नीघ इथून' म्हणते. एकदा तर माझा दात हलला. बायकोचा मार खातो, हे सांगू कुणाला? दिवसा गिळलेला राग झोपेत बाहेर पडतो असं वाटलं मला. मग निघालो मी तिथून."

"अगं बाई!" काकूंचा आवाज बारीक झाला होता. "तो कुत्रा असतो! स्वप्नात तुमच्या अंगावर धावून येतो. मी त्याला हाकलते!"

लेकीला हसू आवरेना. काकांना मात्र हसता येईना.

"तुम्ही कुलूपवाले ना?" डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "स्वप्न पडताना मेंदू अंगाला कुलूप लावतो. म्हणून स्वप्नात धावलो तरी आपण गादीवरच असतो. यांचं ते कुलूप ढिलं झालंय. मेंदूचे भाग एकमेकांना निरोप धाडतात, त्या वाटा बिघडल्या की असं होतं. कितीदा तर हात थरथरायच्या काही वर्षं आधीच हे सुरू होतं. आणि हात मंदावणं, चेहरा कोरा दिसणं हाही आजारच. रुसवा नव्हे."

"मी तेव्हाच सांगितलं असतं तर?" काकांनी विचारलं.

"आजार टळला असता असं नाही. पण उपचार, व्यायाम लवकर सुरू झाले असते. कदाचित त्या पडल्याही नसत्या. आणि तीन वर्षं एकट्या झोपल्या नसत्या."

शेवटचं वाक्य काकांना लागलं.

घरी येताच त्यांनी आपली खाट आत नेली आणि पलंगापासून हातभर अंतर ठेवून लावली. टोकदार कोपऱ्यांचं टेबल बाहेर काढलं, पलंगाशेजारी जमिनीवर जाड गादी अंथरली. सकाळी डबा भरताना ते काकूंच्या शेजारी उभे राहिले.

"लाव सावकाश. दुकान कुठे पळून जातंय?"

मंडळी, घरातलं माणूस मंदावलं, झोपेत ओरडू-मारू लागलं, तर राग धरू नका आणि लाजही धरू नका. वेळेवर डॉक्टरांना सांगा. आणि स्वप्नात काय दिसलं, हे त्या माणसालाच विचारा. काकांनी ते विचारलंच नाही, म्हणून कळायला तीन वर्षं लागली. एक सकाळ पुरली असती!