सातव्या प्रश्नाला पाच

आमच्या संस्थेत विद्यार्थी येत नाहीत, त्यांच्या पानांचे फोटो येतात. घरी बसून अभ्यास करायचा, घरी बसूनच पेपर लिहायचा, प्रत्येक पानाचा मोबाइलवर फोटो काढायचा आणि वेळ संपायच्या आत तो संस्थेच्या पोर्टलवर चढवायचा, अशी पद्धत आहे. मी तिथे शिपाई. सगळे मला मामा म्हणतात. माझ्याहून चार-पाच वर्षांनी मोठे असलेले हिशेबनीसही मामाच म्हणायचे.

माझी मुलगी याच संस्थेची विद्यार्थिनी. अंगानं अशी की घरात तिचं नाव काटकीच पडलं. लहान मुलांच्या शाळेत ती मदतनीस आहे. मुलांचे डबे उघडून द्यायचे, नाकं पुसायची, ओल्या चड्ड्या बदलायच्या. पदवी झाली की तुला इथेच शिक्षिका म्हणून घेते, असं तिथल्या मोठ्या बाईंनी तिला सांगितलं होतं. काम करून शिकायचं म्हणून एक-एक पेपर सोडवत ती सहाव्या वर्षापर्यंत आली होती. सहा वर्षांत पदवी पूर्ण झाली नाही तर नोंदणी रद्द होते आणि पास झालेले पेपरही वाया जातात, असा नियम. तिचा एकच पेपर उरला होता.

तो तिनं दिला. बारा पानं लिहिली. सात पानं चढली आणि आठव्याला पडद्यावरचं ते गोल चक्र फिरायला लागलं. ती मोबाइल घेऊन खिडकीत गेली, मग जिन्यात, मग गच्चीवर. चक्र फिरतच राहिलं आणि वेळ संपली. महिन्याभरानं निकाल आला, त्यात तिच्या नावापुढे गैरहजर, कारण अर्धवट चढलेला पेपर पोर्टल धरतच नाही. तिनं तक्रार पाठवली. 'तुमची तक्रार आमच्यासाठी महत्त्वाची आहे' असं उत्तर त्याच मिनिटाला आलं आणि पुढे काही नाही.

"तू आमच्या संचालक मॅडमना भेटून ये ना," मी म्हटलं.

"तुमच्या ओळखीनं आले असं नको व्हायला," ती म्हणाली. "नियमानं जाऊ दे."

त्याच सुमारास संस्थेची तपासणी ठरली. बाहेरून समिती येणार आणि दर्जा देणार. समितीला दाखवायला विद्यार्थ्यांचं समाधान किती हे मोजलेलं हवं होतं. म्हणून सगळ्यांना एक फॉर्म पाठवला. प्रश्न बारा. प्रत्येकाला एक ते पाच गुण. एक म्हणजे अजिबात नाही, पाच म्हणजे पूर्ण समाधानी. काटकीलाही तो आला होता. "आधी तक्रारीचं उत्तर देऊ दे, मग सांगते त्यांना माझं समाधान," असं म्हणून तिनं तो तसाच ठेवला.

तसाच ठेवणारे पुष्कळ निघाले. निम्म्याहून जास्त जणांनी तरी भरायला हवा होता, भरला होता तिसऱ्या हिश्शानं. तपासणीला चार दिवस राहिले तेव्हा मॅडमनी आम्हा पाच जणांना आत बोलावलं आणि एकेकाच्या हातात यादी दिली. फॉर्म उघडायला नोंदणी क्रमांक पुरत होता.

"पोरं आळशी आहेत," मॅडम म्हणाल्या. "समाधानी असतील तर लिहितील कशाला? तक्रारवाले बरोबर लिहितात. आपण फक्त उरलेल्यांचं मत नोंदवायचंय. मामा, तुम्हाला जमेल ना आता?"

त्या 'आता'त पुष्कळ होतं. बावन्नाव्या वर्षापर्यंत मी अंगठा उठवत होतो. काटकीनं स्वयंपाकघराच्या फरशीवर खडूनं अक्षरं काढून मला शिकवलं. गेली सहा वर्षं मी वाचतो, लिहितो, दोन बोटांनी टाइपही करतो. पण ऑफिसात अजून कुणी मला कागद वाहण्यापलीकडे काम दिलं नव्हतं. मी म्हटलं, जमेल.

आमच्यातला एक टायपिस्ट होता. बोलतानाही टेबलावर बोटं वाजवायचा म्हणून त्याला टकटक म्हणत. तो माझ्या शेजारच्या कॉम्प्युटरवर बसला. थोड्या वेळानं माझ्याकडे डोकावला.

"मामा, सगळे पाच-पाच काय देताय? लग्नात आहेर वाटताय का? मधेमधे चार टाका, एखादा तीन. माणसं भरतायत असं दिसायला पाहिजे."

"कुणाला तीन देऊ?"

"ज्याचं नाव आवडणार नाही त्याला."

मी हसलो. खरं सांगायचं तर त्या दिवशी मला बरं वाटत होतं. खुर्चीवर बसलो होतो, चहा दुसऱ्यानं आणून दिला होता. दोन दिवसांत मी दोनशे सात फॉर्म भरले. प्रत्येक नाव वाचत होतो, क्रमांक टाकत होतो, बारा खुणा करत होतो.

दुसऱ्या दिवशी दुपारी यादीत काटकीचं नाव आलं.

मी हात थांबवला. टकटक जेवायला गेला होता. हे नाव सोडून द्यावं, असं एकदा मनात आलं. मग वाटलं, सोडलं तर मॅडम विचारतील, मामांच्या मुलीनंच का भरलं नाही? तक्रार आधीच पडलेली आहे, वर हे. ऑफिस म्हणजे माणसंच. चांगलं बोलणाऱ्याचं काम आधी होतं, हे मी तीस वर्षं पाहत होतो. मी तिचा क्रमांक टाकला. सातवा प्रश्न होता, 'उत्तरपत्रिका पोर्टलवर चढवताना काही अडचण आली का? प्रक्रिया किती सुलभ वाटली?' मी पाच दिले. सगळ्या बाराच्या बारा प्रश्नांना पाच. इतरांच्या फॉर्मात मधेमधे चार टाकले होते, तिच्या फॉर्मात एकही चार टाकला नाही. खाली शेरा लिहायला चौकट होती. ती मी दुसऱ्या कुणाचीही भरली नव्हती. तिथे लिहिलं, 'सर्व कर्मचारी सहकार्य करतात.'

घरी मी काही बोललो नाही. काम झाल्यावर सांगू, असा विचार केला.

तपासणी झाली. समिती खूश होऊन गेली. फाटकावर फलक लागला, चौऱ्याण्णव टक्के विद्यार्थी समाधानी. तो बांधायला शिडी मीच धरली होती.

काटकीच्या तक्रारीची सुनावणी लागली ती चौथ्या महिन्यात. सभेच्या खोलीत लांब टेबलाच्या एका बाजूला तक्रार समितीचे अध्यक्ष, त्यांच्या उजव्या हाताला मॅडम, डाव्या हाताला परीक्षा विभागाचे साहेब, समोर एकटी काटकी. मी पाण्याचे ग्लास घेऊन आत गेलो. तिनं माझ्याकडे पाहिलं नाही, मीही तिच्याकडे पाहिलं नाही. तसं आमचं घरी ठरलं होतं.

तिनं सगळं नीट सांगितलं. किती वाजता पानं चढवायला घेतली, सात कशी गेली, आठवं कसं अडकलं.

"याची नोंद पोर्टलवर असेलच ना, सर?" ती म्हणाली. "कुणी किती वाजता काय चढवलं ते."

परीक्षेच्या साहेबांनी घसा साफ केला. "असते. पण नव्वद दिवस. त्यानंतर आपोआप पुसली जाते."

"मी तक्रार पेपरापासून पस्तिसाव्या दिवशी केली होती."

"बरोबर. पण तक्रार तपासायला घेतली तेव्हा नोंद मागवली गेली नाही." त्यांनी समोरची फाइल उघडली. "कारण आमच्याकडे तुमचंच उत्तर होतं. समाधानाच्या फॉर्ममधलं. सातवा प्रश्न, काही अडचण नाही, पाच गुण. तक्रार हातात घेतली की आम्ही आधी विद्यार्थ्याचा फॉर्म बघतो. वेळ वाचतो."

अध्यक्षांनी चष्मा चढवून कागद वाचला. "खाली शेराही आहे. 'सर्व कर्मचारी सहकार्य करतात.' हे तुम्हीच म्हणताय आणि आता हे."

"मी तो फॉर्म भरलेलाच नाही," काटकी म्हणाली.

"क्रमांक तुमचाच आहे."

"असेल. मी भरलेला नाही."

"मग कुणी भरला?"

माझ्या हातात ट्रे होता, त्यावर एक ग्लास उरला होता. मॅडम माझ्याकडे बघत होत्या. रागानं नाही, एखादं भांडं काठावरून पडेल का याचा अंदाज घ्यावा तशा.

"मी भरला," मी म्हणालो.

"मामा, तुम्ही बाहेर थांबा," मॅडम म्हणाल्या.

"हे कोण?" अध्यक्षांनी विचारलं.

"आमचे शिपाई आहेत, सर."

"माझे वडील आहेत," काटकी म्हणाली. आता ती माझ्याकडे बघत होती, आणि तिला अजून काही कळलं नव्हतं. तिची बाजू सावरायला मी खोटं बोलतोय, असं तिला वाटलं असावं.

मी सगळं सांगितलं. पाच जण, पाच याद्या, माझे दोनशे सात. अध्यक्षांनी मॅडमकडे पाहिलं. मॅडमनी शांतपणे विचारलं, "कुठली यादी, मामा? दाखवा बरं." यादी संध्याकाळी परत द्यायची होती, ती मी दिली होती. त्यांनी टकटकला बोलावलं. तो दारात उभा राहिला. त्याची बोटं एकदाची गप्प होती. "मला यातलं काही माहीत नाही," तो म्हणाला आणि गेला.

अध्यक्षांनी फाइल मिटली. "म्हणजे शिपायानं स्वतःच्या मुलीच्या नोंदीत हात घातला. आज हा फॉर्म, उद्या उत्तरपत्रिका. अशा विद्यार्थिनीचं काय खरं मानायचं?"

काटकी पाणी प्यायली नाही. उठली, नमस्कार केला आणि गेली.

मी तिला रस्त्यावर गाठलं. ती बसथांब्यापाशी उभी होती, बस मात्र सोडून दिली होती.

"पाच का दिले, अप्पा?"

"तुझं नाव ऑफिसात चांगलं राहावं म्हणून."

"मला विचारलं का नाही?"

मी पुढची बस येतेय का ते बघायला लागलो.

"रिकामा ठेवला असता तरी चाललं असतं," ती म्हणाली. "रिकामा असता तर त्यांना पोर्टलची नोंद मागवावी लागली असती." ती ओरडली नाही. गणित समजावून सांगावं तसं म्हणाली. पुढच्या बसमध्ये चढली. मी मागच्या दारानं चढलो.

दोन दिवसांनी मॅडमनी मला केबिनमध्ये बोलावलं आणि बसायला सांगितलं. टेबलावर टाइप केलेला कागद होता.

"वाचा. आता येतं तुम्हाला."

मी वाचला. मी फक्त माझ्या मुलीचा फॉर्म तिच्या नकळत भरला, अन्य कोणताही फॉर्म मी भरलेला नाही, संस्थेतील कुणीही मला तसं सांगितलेलं नाही, असा मजकूर होता. खाली सहीला जागा.

"सही केलीत तर हा बापाचा वेडेपणा ठरतो," मॅडम म्हणाल्या. "मुलीला एक वर्ष वाढवून देऊ, राहिलेला पेपर पुन्हा देईल. नाही केलीत तर हा गैरप्रकार ठरतो. तीन वर्षं परीक्षेला बंदी, आणि तिची सहा वर्षं गेली. मी तुमच्या भल्याचं सांगतेय."

"बाकीचे दोनशे सहा?" मी विचारलं. "त्यांच्यातही कुणाची पानं अडकली असतील. कुणी तक्रार केली तर त्यांनाही मी भरलेला फॉर्मच दाखवाल."

"त्यांचं तुम्हाला काय करायचंय, मामा?"

मी कागद घडी करून खिशात घातला. "घरी विचारतो," म्हणालो.

"सहीला काय घरी विचारायचं?"

"मागच्या वेळी विचारलं नव्हतं."

संध्याकाळी मी तो कागद काटकीपुढे ठेवला. तिची आई भाजी चिरत बसली होती. काटकीनं तो एकदा वाचला, मग आईला वाचून दाखवला, कारण आईला अजून वाचता येत नाही. मॅडम काय म्हणाल्या तेही मी सांगितलं. एक वर्ष, नाहीतर तीन. मी तिच्या तोंडाकडे बघत होतो. तिनं सही करा म्हणावं, असं मला वाटत होतं. तिनं म्हटलं असतं तर मी लगेच केली असती, आणि दोनशे सहा जणांना विसरून गेलो असतो.

"यात लिहिलंय ते खरं आहे का?" तिनं विचारलं.

"नाही."

"मग माझ्या नावानं आणखी एक खोटं कशाला?"

"तीन वर्षं, काटके. शाळेतली जागा तोवर थांबणार नाही."

"माहीत आहे मला." तिनं कागद माझ्याकडे सरकवला. मग तिथेच बसून रडली. मोठ्यानं नाही. आईनं विळी बाजूला केली आणि तिच्या पाठीवर हात ठेवला. मी दोघींच्या समोर नुसता बसून होतो.

सकाळी मी कागद सही न करता परत दिला. मॅडमनी तो पाहिला. "विचार करा," म्हणाल्या. मी म्हटलं, केला. त्याच आठवड्यात माझी बदली तळघरातल्या जुन्या रेकॉर्डच्या खोलीत झाली. काढून टाकलं असतं तर कारण लिहावं लागलं असतं. महिन्याभरानं शाळेत नव्या शिक्षिका आल्या, काटकीपेक्षा वयानं लहान. काटकी त्यांना वर्ग आवरून देते, फळा पुसून देते. मोठ्या बाईंनी तिला बाजूला घेऊन समजावलं म्हणे, त्यांचाही नाइलाज होता.

निकालाचं पत्र टपालानं आलं तेव्हा ती कामावर होती. तिची आई पाकीट हातात घेऊन माझी वाट बघत बसली होती. मी आल्याबरोबर तिनं ते पुढे केलं.

"वाचा."

मी उभ्यानंच वाचलं. गैरप्रकार, तीन वर्षं बंदी, नोंदणी रद्द. एकेक शब्द सावकाश वाचला.

"खाली सही कुणाची आहे?"

"मॅडमची. आणि अध्यक्षांची."

"तुमची?"

"नाही."

"बरं," ती म्हणाली. "कपाटात ठेवा. ती जेवल्यावर सांगू."