अडकलेला स्वर

राजाभाऊंनी जन्मभर कीर्तनात पेटीची साथ केली. दिल्लीत पहाडगंजच्या मंडळात बुवा आख्यानात रंगले, की आपण नुसती साथ धरायची, मध्ये तोंड उघडायचं नाही, हे त्यांच्या अंगात मुरलेलं. म्हणून भाचा उल्हास म्हणाला, की मामा, विमान उतरवताना माझ्याशी बोलू नका, तेव्हा त्यात त्यांना काहीच वावगं वाटलं नाही.

उल्हास गुडगावच्या एका बिल्डरचं चार माणसांचं विमान चालवायचा. पंच्याण्णव साल. मोहरीच्या शेतांत प्लॉटचे खांब उभे राहत होते, आणि ते गिऱ्हाइकांना वरून दाखवायची मालकाला हौस. आज गिऱ्हाईक फिरकलंच नाही, म्हणून मामांना फेरी. "जपून ने रे बाबा, यांना लिफ्टमध्येसुद्धा घाम फुटतो," असं लतामामींनी मयूर विहारच्या घराच्या दारातच बजावलं होतं.

वर गेल्यावर राजाभाऊंनी कानावरचे घट्ट हेडफोन काढून मांडीवर ठेवले आणि मनात नाम सुरू केलं. भीती काही जाईना, पण पांडुरंग सोबतीला होता.

उतरायची वेळ झाली. उल्हासने चाकं बाहेर काढली आणि समोर लागलेले तीन हिरवे दिवे बोटाने दाखवले. हे लागले की चाकं पक्की, असं त्याने निघतानाच समजावलं होतं. तेवढ्यात धावपट्टीवर नीलगायी आडव्या आल्या. विमान सर्रकन वर चढलं आणि चाकं पुन्हा आत गेली.

दुसऱ्या खेपेला उल्हासची नजर नीलगायीच शोधत होती. इंजिनाचा आवाज मंदावला, आणि कुठूनसा एक चिरका स्वर सुरू झाला. थांबेचना. पेटीची पट्टी अडकून बसली, की भाता हलतोय तोवर ती अशीच ओरडत राहते. पण इथे पेटी कुठली?

उल्हास शांत होता, कानावर हेडफोन. त्याचं काम त्याला ठाऊक, आपण कोण सांगणारे? खाली खांब मोठे होत चालले. राजाभाऊंची नजर दिव्यांकडे गेली. तिथे अंधार होता.

नाम तुटलं. शेवटी त्यांनी हात लांबवून भाच्याच्या कानावरचा हेडफोन ओढला.

"उल्हास, स्वर अडकलाय. दिवे नाहीत."

उल्हासने एकदाच पाहिलं. त्याचा चेहरा राखेसारखा झाला. इंजिन गरजलं, धावपट्टी पोटाखालून हातभर अंतरावरून सरकली, आणि विमान जड अंगाने वर निघालं. चिरका स्वर थांबला.

मग उल्हास हळूच म्हणाला, "मी चाकं काढलीत असंच धरून चाललो होतो, मामा. मला तर पहिल्या खेपेचंच आठवत होतं. चाकं आत राहिली की तो भोंगा वाजतो, हेडफोनमुळे मला ऐकूच आला नाही." त्याने विमान पुन्हा धावपट्टीकडे वळवलं. "आता गप्प बसू नका. दिवे मोजत राहा, मोठ्याने."

तिसऱ्या खेपेला राजाभाऊ मोजू लागले. एक हिरवा, दोन हिरवे, तीन हिरवे. पुन्हा एक हिरवा. धरणी जवळ आली तशी लय चढली, डोळे वाहायला लागले, पण त्यांनी ते मिटले नाहीत. चाकं टेकली, विमान धावत जाऊन थांबलं.

उल्हासने इंजिन बंद केलं. पंखा थांबला, दिवे विझले, तरी मामांचं मोजणं चालूच होतं.