हौसाबाईची टाच

"पाठीवर टाच लावली?" डॉक्टरांनी खिडकीच्या उजेडाला धरलेला एक्स-रेचा फोटो खाली आला.

"तीन शनवार," हौसाबाई म्हणाली. "मी पायाळू हाय ना, साहेब."

दिघाशीत कुणाची पाठ धरली की हौसाबाईचं अंगण. ती आईच्या पोटातून पायांनी आलेली. आई ओवी गायची,

पायानं गं आली लेक, नको म्हनू वंगाळ खूण
तिच्या टाचंखाली जाईल, आल्यागेल्याची उसण

पडघ्याचे ट्रकवाले गाडी थांबवून तिच्यापुढं पालथे पडत. रंडकीचा गावात एवढाच काय तो मान.

सत्त्याऐंशीच्या उन्हाळ्यात सात वर्षांची नात जानकी वाकेनाशी झाली. पडलेली चिंच उचलायची तर पाठ ताठ ठेवून उकिडवी बसायची. "म्हातारे गं!" म्हणून सगळी हसली. सून गुणा तेवढी हसली नाही.

"आत्याबाई, सांजचं आंग तापतंय. भिवंडीला नेऊ."

"लोकं माज्याकडं येतात, नि माजी नात डाक्टरकडं? तोंड कुठं लपवू मी?"

पावसाळा सरेतो पोरीच्या पाठीच्या मधोमध बोराएवढं टेंगूळ आलं. मग एका सकाळी ती उठलीच नाही. पाय उचलेनात.

"मणक्याचा क्षय आहे," डॉक्टर म्हणाले. "टीबी."

"टीबी? तिला तं खोकलाबी न्हाय!"

"मणक्यात खोकत नाहीत, बाई. दोन मणके खाल्लेत त्यानं."

हौसाबाईनं पदर तोंडाशी नेला. "माज्या पायानं मोडलं का, साहेब?"

डॉक्टर लिहीत राहिले. "तीन महिन्यांपूर्वी आणली असती, तर गोळ्यांवर भागलं असतं. आता दीड वर्ष औषध, सुया, प्लास्टर. पोरगी चालेल की नाही, आज सांगत नाही."

गुणानं सासूकडं पाहिलंसुद्धा नाही.

पंधरा दिवसांनी दवाखान्यातच गुणा नळावर गेली, तेव्हा हौसाबाई खाटेजवळ आली. काखेपासून कमरेपर्यंत पोर पांढऱ्या प्लास्टरात. नजर छताला.

"आजे, टाच लाव ना."

"न्हाय गं बाय. डाक्टर वरडंल."

"पाठीला नको. पायाला लाव. सगळ्यांचं बरं करतेस नि माजंच न्हाय?"

हौसाबाईनं दाराकडं पाहिलं. पायातली वहाण काढली, टाच पदरानं पुसली. खाटेची दांडी धरून पाय वर घेतला आणि नातीच्या तळव्यावर टाच टेकवली. थंड होता तळवा. तिनं जरा दाबली. मग आणखी जरा.

छताकडं बघत जानकी वाट पाहत होती.

"लाव ना गं, आजे," ती म्हणाली. "कवाची सांगतेय."