न चाखलेली डाळ

नीलाचं पत्र येऊन आठ महिने झाले होते आणि उत्तमरावांनी त्याला उत्तर दिलेलं नव्हतं. पत्र लिहिणारी बाई काही परगावी राहत नव्हती. ती त्यांची बायको होती. नांदेडहून परतल्यापासून ती डोंबिवली पूर्वेच्या त्याच दोन खोल्यांत त्यांच्यासमोर वावरत होती, सकाळी चहा देत होती, दुपारी शेजारी बसून शेंगा सोलत होती. पत्राचा विषय मात्र तिने काढला नाही आणि त्यांनीही काढला नाही.

गुरुद्वाऱ्यातल्या बायकांबरोबर ती पंधरा दिवस नांदेडच्या लंगरात सेवा करायला गेली होती. तिथून पाचव्या दिवशी ते पत्र आलं. उत्तमरावांना ते आता पाठ झालं होतं.

"अहो, फोनवर तुम्ही नुसतं हूं हूं करता म्हणून लिहिते. आजारपणात माझ्या तोंडाची चव गेली ती परत आलीच नाही. गोड, खारट काही कळत नाही. दोन वर्षं झाली. म्हणून मी स्वयंपाक करताना तुमच्याकडे चमचा घेऊन येते. तेजवंतला हे मी पहिल्याच महिन्यात सांगितलं. तुम्हाला सांगायचा धीर झाला नाही. इथे लंगरात अरदास, म्हणजे प्रार्थना होऊन भोग लागेपर्यंत कुणीच काही चाखत नाही. सगळ्याच बायका अंदाजाने मीठ घालतात, त्यामुळे इथे मी चारचौघींसारखी असते. मला आता नुसतं रविवारी नाही, रोज सकाळी आपल्या इथल्या गुरुद्वाऱ्यात जावंसं वाटतं. तुम्हाला चालेल का? खरं काय ते लिहून कळवा. तोंडाने विचारलं तर तुम्ही ठीक आहे म्हणाल."

ते खरंच तसं म्हणाले असते. वागळे इस्टेटमधल्या औषधांच्या कंपनीत बत्तीस वर्षं त्यांनी गोळ्या तपासल्या होत्या. माल चांगला असला की तोंडातून एवढेच दोन शब्द निघायचे, आणि घरी येतानाही ते शब्द ते बरोबर घेऊन येत.

पत्रातली चव गेल्याची बातमी त्यांच्या मनाला लागली, पण त्याहून जास्त लागला तो चमचा. दोन वर्षं रोज सकाळी नीला आमटीचा चमचा फुंकत फुंकत बाहेरच्या खोलीत यायची. "बघा हो जरा," म्हणायची. उत्तमराव पेपर घडी घालून ठेवायचे, डोळे मिटून चव घ्यायचे, आणि तिला थोडं ताटकळत ठेवून मग सांगायचे. लग्नाला एक्केचाळीस वर्षं झाली, पण नीलाने त्यांना असं काही कधी विचारलं नव्हतं. म्हातारपणी बायकोला आपली किंमत कळली, असं त्यांना वाटायला लागलं होतं. शेजारच्या निशिगंधाला त्यांनी एकदा हसत हसत सांगितलंही होतं, "आमच्याकडे मी पास केल्याशिवाय आमटी उतरत नाही."

आणि ते सगळं नुसतं नडीपोटी होतं. शिवाय तेजवंतला पहिल्याच महिन्यात. या वाक्याशी ते पत्र वाचताना दर वेळी अडखळत.

तेजवंत कौर त्यांच्या घरात शिरली ती त्या आजारपणातच. दोघंही अंथरुणाला खिळलेले, मुलगा लॉकडाऊनमुळे घोडबंदर रोडला स्वतःच्या घरात बंद. तेव्हा दाराबाहेर रोज दुपारी दोन डबे ठेवलेले असत. डाळ, भात, चार रोट्या. ते गुरुद्वाऱ्यातून तेजवंत आणून ठेवते, हे आठ दिवसांनी कळलं. बरी झाल्यावर नीला आभार मानायला म्हणून कल्याणच्या बाजूच्या त्या गुरुद्वाऱ्यात गेली आणि संध्याकाळी हाताला पीठ लावूनच घरी आली. तेव्हापासून रविवार तेजवंतचा झाला.

उत्तमराव वाईट माणूस नव्हते. नको जाऊस, असं ते कधी म्हणाले नाहीत. फक्त रविवारी सकाळी त्यांना हटकून गरगरायला लागायचं. नीला शांतपणे रक्तदाबाचं यंत्र आणून त्यांच्या दंडाला पट्टा गुंडाळायची, आकडे बघायची.

"ठीक आहे," असं त्यांच्याच आवाजात म्हणून ती ओढणी घ्यायची आणि निघायची.

दुपारी परत आली की ती काहीतरी गुणगुणत असायची. घरात तीन पोळ्या त्यांच्या आणि दोन स्वतःच्या लाटताना ती गप्प असे, आणि तिथे चारशे माणसांच्या रोट्या लाटून ती गुणगुणत येते, हे उत्तमरावांना सहन होत नसे. समोर एखादा माणूस असता तर त्याच्याशी भांडता आलं असतं. इथे समोर होत्या कढया, परातीतलं पीठ आणि एक जाडजूड पंजाबी बाई.

कार्तिकातल्या गुरुपूरबाच्या, म्हणजे नानक जयंतीच्या, आदल्या दिवशी नीला म्हणाली, "उद्या गर्दी असते हो. मटार सोलायला माणसं कमी आहेत."

"मी येतो," उत्तमराव म्हणाले.

तिने हातातलं भांडं खाली ठेवलं. "तुम्ही?"

"मटारच सोलायचेत ना?"

तेवढ्याने तिचा चेहरा असा उजळला, की आपण कशासाठी चाललो आहोत हे आठवून त्यांना जरा ओशाळल्यासारखं झालं. त्यांना बघायचं होतं. तिथे असं काय आहे, जे इथे नाही.

गुरुद्वाऱ्यात त्यांच्या डोक्याला कुणीतरी केशरी रुमाल बांधला, हात धुवायला लावले आणि मटारच्या ढिगासमोर बसवलं. स्वयंपाकघर म्हणजे एक लांबलचक शेड होती. एका बाजूला तव्यांची रांग, दुसऱ्या बाजूला दोन प्रचंड देगा, म्हणजे पातेली. तेजवंत कौर हातातल्या पिठासकट पुढे आली. साठीची बाई, जन्म कल्याणचा, मराठी तिथलीच.

"या भाईसाब. नीला म्हणते तुम्ही लय बारीक बघता. मग मटारात अळ्या तुम्हीच बघा. माझे तर डोळे गेलेत."

उत्तमरावांना नवख्या माणसाशी काय बोलावं हे कधीच सुचत नसे. काहीतरी विचारायचं म्हणून त्यांनी विचारलं, "तुमच्यात मांसाहार चालतो, असं मी वाचलं होतं."

"आमच्यात? माझा नवरा कोंबडी सोडत नाही आणि माझी सासू अंड्याला शिवत नाही. यावरून आमच्या घरी रोज भांडण. इथं ते भांडण नाही. इथं असंच शिजवायचं की कोणीही आलं तरी शेजारी बसून जेवेल." मग ती मागे वळून ओरडली, "नीला, तुझा माणूस बोलतो की गं. तू तर म्हणालेलीस मुका आहे."

आणि नीला हसली. डोकं मागे टाकून, मोठ्याने, तोंडाला हात न लावता. उत्तमरावांच्या हातातली शेंग तशीच राहिली. हे हसू त्यांच्या ओळखीचं नव्हतं. एका देगेसमोर ती उभी होती, कपाळावर घाम, ओढणी कानामागे घट्ट बांधलेली, हातात वल्ह्याएवढा कलथा. काळ्या उडदाची डाळ ढवळताना तिचे ओठ हलत होते. बाकीच्या बायका पुटपुटत होत्या तेच तीही पुटपुटत होती. घरात ती इतकी उंच दिसत नसे.

ते मटार कमी सोलत होते आणि तिच्याकडेच जास्त बघत होते. म्हणूनच त्यांच्या लक्षात आलं. नीलाने मिठाचं भांडं उचललं, तेवढ्यात तव्याकडून कुणीतरी हाक मारली, "भैणजी, आटा संपला." भांडं तसंच खाली ठेवून ती परात घेऊन गेली. परत आल्यावर तिने डाळ ढवळली, वर कोथिंबीर टाकली आणि झाकण ठेवलं.

घातलं होतं का तिने मीठ? आधी घातलं असेल. तिची पाठ आपल्याकडे होती तेव्हा घातलं असेल. बत्तीस वर्षं ज्यांनी शंका आली की डबा उघडला, त्यांना स्वस्थ बसवेना.

थोड्या वेळाने बायका हातपाय धुवायला बाहेरच्या नळावर गेल्या. शेडमध्ये तव्यापाशी पाठमोरे दोघंचौघं तेवढे उरले. इथे आधी कुणी चाखत नाही, हे उत्तमरावांना माहीत होतं. तिने लिहिलेलंच होतं. तरी ते उठले, झाकण सरकवलं, पळीभर डाळ काढून दोन थेंब तळहातावर घेतले आणि चाटले.

मीठ नव्हतं. कमी नव्हतं, मुळीच नव्हतं.

पळी त्यांनी शेडमधल्या नळाखाली धुतली आणि ते परत मटारापाशी येऊन बसले. मिठाचं भांडं देगेशेजारीच होतं. एक शब्द बोललं की काम झालं असतं. पण तो शब्द तोंडात धरून ठेवण्यात त्यांना कसलं तरी समाधान मिळत होतं. चारशे माणसं पहिला घास घेतील, एकमेकांकडे बघतील. कुणीतरी विचारेल, डाळ कुणी केली. मग कळेल तिला, उत्तमचा चमचा कशाला लागतो ते.

नीला ओढणीला हात पुसत आली. "भोगाचं ताट काढायचंय," ती म्हणाली, आणि त्यांचा चेहरा बघून थांबली. "काय झालं?"

"काही नाही."

तिने ताट वाढून घेतलं, झाकलं आणि दोन्ही हातांनी धरून ग्रंथसाहिबाच्या दरबाराकडे निघून गेली.

पंगतीत उत्तमरावांना एका बाजूला खाकी शर्टातला रिक्षावाला आणि दुसऱ्या बाजूला कॉलेजची एक मुलगी असा शेजार मिळाला. ते सगळ्यांच्या तोंडाकडे बघत राहिले. रिक्षावाल्याने पहिला घास घेतला, दुसरा घेतला, मग आणखी डाळ मागितली. मुलीने लोणच्याचा खार डाळीत कालवला. समोरचे एक म्हातारे सरदारजी क्षणभर चावायचे थांबले, ताटाकडे बघितलं आणि पुन्हा जेवायला लागले. कुणी कुणाकडे बघितलं नाही. थोड्या वेळाने एक माणूस छोटं भांडं घेऊन "सरबरस, सरबरस" म्हणत रांगेतून फिरला.

"मीठ," रोट्यांची टोपली घेऊन आलेली तेजवंत म्हणाली. "आज लागणार वाटतं."

"डाळ कुणी केली, असं विचारत नाहीत?"

"विचारून काय करणार, भाईसाब? केली कोणीतरी. परशादा घ्या. असं नाही, दोन्ही हातांनी घ्या."

त्यांनी दोन्ही हात पुढे केले आणि तिने वरून गरम रोटी सोडली. ज्यासाठी ते गप्प बसले होते ते घडलंच नाही. नीलाला नापास करणारं तिथे कुणी नव्हतं. होते ते एकटेच.

नीला डाळीची बादली घेऊन त्यांच्यापर्यंत आली. "अजून वाढू?"

"वाढ," ते म्हणाले. मिठाचं भांडं पुन्हा समोर आलं तेव्हा त्यांनी मान हलवून नको म्हटलं आणि सगळी डाळ तशीच संपवली.

परतताना रिक्षा कल्याणच्या पत्रीपुलावर अडकली. नीला डोकं मागे टेकून बसली होती. बोटांना आलं-लसणाचा वास होता.

"आज भोगाला माझी डाळ होती," ती म्हणाली. "एकटीने केलेली, पहिल्यांदाच. कशी झाली होती हो?"

"ठीक आहे."

"खरंच?"

"हो."

ती म्हणाली, "म्हणजे माझा अंदाज अजून आहे." असं म्हणून तिने डोळे मिटले, आणि पुढे घर येईपर्यंत तिच्या तोंडावर ते समाधान तसंच होतं. उत्तमराव बाहेरच्या गाड्या बघत राहिले. तिने विश्वासाने विचारलं होतं. तिच्याजवळ दुसरी जीभ नव्हती.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती नेहमीसारखी आमटीचा चमचा घेऊन आली. त्यांनी चव घेतली, पण डोळे मिटले नाहीत. चमचा पुढे धरून ती त्यांच्या ओठांकडे बघत होती. परीक्षेचा निकाल लागायच्या वेळी मुलं बघतात तशी. हे अडीच वर्षांहून जास्त रोज होत होतं आणि त्यांनी डोळे मिटून घेतलेले होते.

"अर्धा चमचा मीठ घाल," ते म्हणाले.

ती आत गेल्यावर ते कागद घेऊन बसले. पहिला कागद त्यांनी फाडला, कारण त्यात तेजवंतबद्दल एक तिरकं वाक्य आलं होतं. दुसऱ्यात ते स्वतःचीच फार कीव करत होते. तिसरा राहिला.

"नीला, तुझं पत्र पोचलं. उत्तर द्यायला उशीर झाला. गुरुपूरबाच्या दिवशी तुझ्या डाळीत मीठ नव्हतं. आटा आणायला गेलीस तेव्हा राहिलं. भोग लागायच्या आधी मी चोरून चाखली होती, त्यामुळे मला ते माहीत होतं. तुझ्याशेजारी मिठाचं भांडं होतं आणि मी बोललो नाही. तिथे तुझं हसं व्हावं, असं मला वाटत होतं. तसं काही झालं नाही. लोकांनी मीठ मागून घेतलं आणि जेवले. मी दोनदा घेतली. रिक्षात मी तुझ्याशी खोटं बोललो. तेजवंतबाईंना तू आधी सांगितलंस, याचं मला अजून वाईट वाटतं आणि ते इतक्यात जाईलसं दिसत नाही. पण तू रोज जा. घरची आमटी मी चाखत जाईन. चमचा घेऊन बाहेर येत जाऊ नकोस, मीच ओट्यापाशी येईन. तुझा, उत्तम."

ते हातात द्यायचं धाडस त्यांना झालं नाही. ती लिहून कळवा म्हणाली होती, तर रीतसर कळवावं. पोस्टात खिडकीवरच्या मुलीने तिकीट देताना पत्ता वाचला.

"काका, हे तर इथलंच आहे. मागच्या गल्लीतलं."

"हो."

"मग चालत जाऊन द्या ना. फुकट उद्या-परवापर्यंत लटकेल."

"चालेल," उत्तमराव म्हणाले. त्यांनी तिकीट नीट सरळ चिकटवलं, बाहेर येऊन पाकीट पेटीच्या तोंडाशी धरलं, आणि मागून एक बाई आपलं पत्र घेऊन येऊन उभी राहिली तेव्हा ते आत सोडून दिलं.