आठ ते चारची शांतता

निवृत्त झाल्यावर बाविसाव्या दिवशी आमचे हे चहाचा कप खाली ठेवून म्हणाले, "आपण गावी राहायला जाऊ. इथल्या आवाजाने माझा जीव मेटाकुटीला आलाय."

कुठला आवाज? माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. या माणसाने एकतीस वर्षांत या शहराचा आवाज ऐकला होता कधी? मी ऐकू दिला असता तर ना!

हे बेकरीत भट्टीवर होते, कायमची रात्रपाळी. सकाळी आठला घरी यायचे, केसांत पीठ, हातांवर चटके, आणि चारपर्यंत झोपायचे. झोप झाली नाही तर एक दिवस हात भट्टीत जाईल, असं सासूबाईंनी मला लग्नानंतर पहिल्याच आठवड्यात बजावलं होतं, आणि ते काही खोटं नव्हतं. पण घर कुठे, तर बंदरामागच्या दुसऱ्या गल्लीत, पहिल्या मजल्यावर, खाली भर बाजार. बोटीचा भोंगा, मासळीचा लिलाव, बर्फाच्या गाड्या, किनाऱ्यावरचा बँड. लोक लांबून जे बघायला यायचे ते सगळं माझ्या खिडकीखाली होतं आणि माझी खिडकी बंद होती. तिच्या फटींत मी जुन्या चादरींच्या चिंध्या ठासून भरल्या होत्या.

खुर्च्यांच्या पायांना जाड कापडाचे गोल तुकडे चिकटवलेले. दाराच्या बेलची वायर मीच कात्रीने कापलेली. भांड्यांच्या फळीवर टॉवेल अंथरलेला. कुकरची शिट्टी आठच्या आत, नाहीतर चारनंतर. पोस्टमनपासून शेजारणीपर्यंत सगळ्यांना ठाऊक होतं, की या दारावर बोटाच्या पेराने एकदाच टकटक करायचं आणि थांबायचं. आठ ते चार आमच्या घरी अळीमिळी गुपचिळी.

माझी मुलगी या शांततेत वाढली. पाच वर्षांची असताना कपाटाच्या कोपऱ्यावर आपटून तिची हनुवटी फुटली. मी स्वयंपाकघरात होते. तिने मागून येऊन माझी बाही ओढली. तोंड उघडं, डोळ्यांतून घळाघळा पाणी, फ्रॉकवर रक्त, आणि आवाज अजिबात नाही. आत बाबा झोपले होते ना! तीन टाके पडले. आणि मी काय केलं? चार घरी कौतुक सांगत फिरले, किती समंजस पोर आहे म्हणून. आज आठवलं की स्वतःच्या थोबाडीत मारून घ्यावीशी वाटते. ती आता एकोणतीस वर्षांची आहे, आणि हसली की तिचे नुसते खांदे हलतात.

तर हे निवृत्त झाले त्या दुपारी मी सगळ्यांत आधी खिडकीतल्या चिंध्या उपटून काढल्या. काय गलका आत आला म्हणून सांगू! खाली एक फळवाला दुसऱ्याला इतक्या डोकेबाज शिव्या देत होता, की मी हातातली भाजी तशीच टाकून ऐकत उभी राहिले. बँडमधला ट्रम्पेटवाला रोज एकाच जागी चुकतो, हे मला चौथ्या दिवशी कळलं. मग मी त्या जागेची वाट बघायला लागले. तो चुकला की खालचा चहावाला ओरडायचा, "आलं, आलं!" आणि मी वर एकटीच हसायचे. एकतीस वर्षांत मी या शहरात खरी राहिले ती एवढे तीन आठवडे.

आणि आता म्हणे आवाज फार होतो.

बाकीच्यांचं सगळं आधीच ठरलं होतं. धाकट्या दिरांनी गावात दोन खोल्यांचं घर बघूनही ठेवलं होतं. "वहिनी, इतकं शांत आहे, की पान पडलं तरी कळतं. तुम्हालाही आराम होईल," ते फोनवर म्हणाले. मुलगी म्हणाली, "आई, बाबांनी खूप सोसलंय गं. आता तरी त्यांना शांतता मिळू दे." हे ती कुजबुजत म्हणाली. दिवसा फोन केला की ती कुजबुजतेच, स्वतःच्या घरातूनसुद्धा.

मिळू दे! मग इतकी वर्षं काय मिळत होतं त्यांना? मला कुणी एका शब्दाने विचारलं नाही. मी जाणारच, हे सगळ्यांनी गृहीत धरलं होतं. कपाट, पलंग, गॅसची शेगडी आणि मी, असं ते सामान होतं.

तरी मी घर बघायला गेले. न बघता नाक मुरडणारी मी नव्हे. गाव छानच होतं, खोटं कशाला बोलू? मागे टेकडी, दारात मोठं झाड, विहिरीचं पाणी गोड. जेवणं झाली, दोन वाजले. हे खाटेवर आडवे झाले आणि पोटावर हात ठेवून म्हणाले, "याला म्हणतात सुख."

तेवढ्यात धप्प. मग पुन्हा धप्प.

शेजारच्या अंगणात एक बाई उन्हात टाकलेली गादी काठीने झोडत होती. झोडता झोडता समोरच्या ओट्यावरच्या मैत्रिणीशी गप्पा चालल्या होत्या आणि मध्येच ती खो खो हसत होती.

यांनी डोळेसुद्धा उघडले नाहीत. म्हणाले, "अगं, जरा सांगून ये तिला."

आणि मी उठले! चपला न घालता, पाय न वाजवता कुंपणापर्यंत गेले आणि ओठांवर बोट ठेवलं. ती हसता हसता थांबली.

"कुणी आजारी आहे का हो?" तिने हळूच विचारलं.

"नाही."

"मग?"

मग काय? हे तर निवृत्त झाले होते. कुणाचा हात भट्टीत जाणार नव्हता. तरी भरदुपारी, परक्या गावात, एका अनोळखी बाईचं हसणं मी बंद करून टाकलं होतं, आणि ती बिचारी काठी भिंतीला टेकवून उभी होती. मेल्याहून मेल्यासारखं झालं मला.

"झोडा हो तुम्ही. चांगली दणकून झोडा," मी म्हणाले आणि पाय आपटत घरात आले.

"सांगितलंस?" यांनी विचारलं.

"सांगितलं. दणकून झोडा म्हणून सांगितलं."

तेव्हा कुठे हे उठून बसले. मीही समोर बसले आणि एकतीस वर्षांचं एकदम बोलले. "इथे शांतता आहे म्हणून आलात ना? अहो, शांतता काय गावात असते? ती मी करत होते. रोज आठ ते चार. इथेही मलाच करावी लागणार, हे आत्ताच दिसलं. निवृत्त काय तुम्ही एकटेच झालात?"

"मी काय मजा म्हणून झोपत होतो?" हे भडकले. "त्या कणीक मळायच्या यंत्राची घरघर अजून माझ्या कानातून जात नाही. आवाज म्हणजे काय, ते तुला काय कळणार?"

ते खरं होतं. त्यांच्या कानात यंत्र भरलं होतं आणि माझ्या कानात काहीच भरलं नव्हतं. पण त्यांचं खरं आहे म्हणून माझे उरलेले दिवसही मी मूग गिळून काढायचे?

"तुम्ही राहा इथे," मी म्हणाले. "रागाने नाही सांगत, खरंच राहा. मी येत जाईन महिन्यातून एकदा. आत्ता तीनच्या गाडीने मी घरी चालले."

"लोक काय म्हणतील?"

"काय म्हणायचं ते मोठ्याने म्हणू देत."

या गोष्टीला दोन महिने झाले. हे गावात आहेत. परवा फोनवर म्हणाले, दुपारी डोळा लागत नाही, शेजारणीच्या कोंबड्या फार कलकलाट करतात. मी म्हटलं, कानात कापूस घाला.

काल मुलगी आली, चार वर्षांच्या नातीला घेऊन. मला समजावायला आली होती, हे तिच्या तोंडावरच दिसत होतं. दुपारचे दोन वाजले होते, खिडक्या सताड उघड्या होत्या, खाली लिलावाची बोंबाबोंब चालली होती. त्यात ही खालच्या आवाजात म्हणत होती, "आई, या वयात असं वेगळं राहणं बरं दिसतं का?" आणि कप बशीत असा ठेवत होती, की काडीचा आवाज होऊ नये.

नातीला ओट्याखाली एक ताट आणि मोठा चमचा सापडला. तिने फरशीवर बसकण मारली आणि दिला एक दणका ठेवून.

मुलीने झडप घातली. एका हाताने तिचं मनगट धरलं, दुसऱ्याने तोंड दाबलं. "शूऽऽ! आजोबा झोपले—"

मग ती थांबली. आतल्या खोलीचं दार उघडं होतं. पलंग रिकामा होता. आजोबा गाडीने पाच तासांच्या अंतरावर होते.

नात रडली नाही, हिसका देऊन सुटलीही नाही. आईचा हात तोंडावर घेऊन शहाण्यासारखी बसून राहिली, रोजचंच असल्यासारखी. दिवसा झोपणारं जिथे कुणीच नाही, त्या लेकीच्या घरातही हे चाललं होतं तर.

"हात काढ तिच्या तोंडावरून." माझा आवाज चढला होता. "मीच शिकवलं तुला हे. माझं चुकलं. पण आता हात काढ."

तिने हात काढला. तोच हात स्वतःच्या हनुवटीवरच्या टाक्यांच्या खुणेवर गेला. नात चमचा उचलून आईकडे बघत बसली. वाजवू की नको?

"वाजव," मुलगी म्हणाली.

कुजबुजतच म्हणाली.

"मोठ्याने सांग तिला," मी म्हणाले.