नाव घातलेले गिलास

नागपुरातल्या सक्करदऱ्याच्या वच्छलाताई म्हणजे तीस वर्षं नर्सची नोकरी करून निवृत्त झालेली, कुणाच्या बापाला न भिणारी बाई. एकोणनव्वद साली त्यांनी डोक्यात घेतलं, की एचआयव्ही झालेल्या माणसांना दर मंगळवारी आपल्या घरी बसायला बोलवायचं. आजार नवा, लोक घाबरलेले. या माणसांशी कुणी धड बोलतही नव्हतं. ताईंनी वहीत बेत आखला: तब्येतीची विचारपूस, गप्पा, घरच्यांची समजूत घालणं आणि शेवटी चहा. सीताबर्डीहून स्टीलचे पाच गिलास आणले आणि हौसेनं एकेकावर एकेकाचं नाव घालून घेतलं.

पहिल्याच मंगळवारी केशवनं आपल्या नावाचा गिलास पाहिला आणि खाली ठेवला. ट्रक चालवणारा धिप्पाड गडी तो.

"घरी माय माहं भांडं वेगळं ठेवते, ताई. इथं बी काहून?"

तो तसाच निघून गेला. ताईंच्या हातात मात्र कपबशी होती. लहानपणी गावच्या जमीनदाराच्या, मालगुजाराच्या ओसरीवर वडिलांसाठी कोनाड्यात वेगळा ठेवलेला फुटका कप त्यांना आठवला आणि स्वतःचीच भयंकर लाज वाटली. शहाणी म्हणवणारी बाई, तोच कप चकचकीत करून मांडून बसली होती!

दुसऱ्या दिवशी त्या केशवच्या दारात गेल्या. "चुकलं माहं. मंगळवारी ये, अन् मायले बी आण." तो हो म्हणाला नाही. तो तुटला तर बाकीचेही गळतील, हे ताईंना कळत होतं.

पुढच्या मंगळवारी गिलास टोपल्याखाली झाकलेले. ज्याच्या हाती जो लागेल तो त्याचा. यमुताईंना 'मनोहरराव' मिळाला, तेव्हा सगळे खदखदून हसले. केशवचा पत्ता नव्हता. उरलेला 'केशव' ताईंनी स्वतः घेतला.

तेवढ्यात तो दारात आला. मागे तोंडावर पदर धरून त्याची आई, जिजाबाई.

"थो गिलास केशवचाच हाये न?" तिनं विचारलं.

"हाये न." ताईंनी मोठा घोट घेतला. "चहापाण्यानं हा रोग लागत नाही, जिजाबाई. लागत असता तं मी काय येडी हाओ?"

जिजाबाईनं तोंडावरचा पदर खाली घेतला. मग पुढे होऊन तिनं ताईंच्या हातातून गिलास घेतला आणि लेकापुढे धरला.

"पी गा."

केशव दोन घोट प्यायला. उरलेला चहा जिजाबाईनं त्याच्या हातातून परत घेतला आणि उभ्याउभ्याच संपवला.