लवंगेचा वास

संग्रामपुरात वामनराव या दातांच्या डॉक्टरची फार इज्जत. नागपूरहून शिकून आलेला, पायानं चालवायच्या यंत्रावर दात कोरणारा माणूस. त्या चौऱ्याहत्तर सालात दाताच्या रंगाचा भराव तालुक्यात फक्त त्याच्याकडे. दोन डब्यांतला लगदा काचेवर घोटायचा, दातात भरायचा, पाच मिनिटांत दगड. मुंबईहून मागवलेलं हे सामान कधी एकदा कुणाच्या समोरच्या दातात बसवतो, असं त्याला झालं होतं. ही घाईच पुढं नडली.

गुरुवारी पुंजाजी आला. वरवट बकालच्या गुलाबरावांच्या बँडमध्ये तो क्लॅरनेट वाजवायचा. सोबत बायको पुष्पाबाई; तिच्या पदराच्या गाठीत नवऱ्याच्या ठणक्यासाठी लवंगेच्या तेलाची इवलीशी बाटली. वरचा समोरचा दात अर्धा तुटलेला, आत सडलेला. क्लॅरनेटचं तोंड नेमकं त्याच दातावर टेकतं.

"डाक्टरसाहेब, रविवारी अर्जुनराव पाटलाच्या घरचं लगन हाय," पुंजाजी म्हणाला. "गुलाबराव म्हनून राह्यले, या लग्नात सूर फाटला तं क्लॅरनेट दुसऱ्याले देतो. वीस वर्सं वाजवलं. मले दुसरं काई येत नाई."

वामनरावनं मुळाची नळी साफ केली आणि नेहमीच्या लवंगतेलाच्या लेपानं बंद केली. आता शिस्त अशी, की हा लेप ताजा असताना त्यावर पांढरा भराव घालायचा नाही. लवंगेचं तेल त्याला घट्ट होऊ देत नाही, दाताला धरू देत नाही. दात स्पिरिटनं पुसायचा, मधे दुसऱ्या सिमेंटचा थर द्यायचा, आठ दिवस थांबायचं. कॉलेजात सरांनी हे कानीकपाळी ओरडून सांगितलेलं. "आठ दिवसांनी या," असं वामनराव म्हणालाही. पण पुंजाजीनं हात जोडले, आणि कपाटात ते नवे डबे होतेच. एवढ्यानं काय होतं, म्हणत त्यानं कापसाचा एक बोळा फिरवला आणि भराव ठोकून दिला. शिकलेला माणूस माती खातो तो असा. दात मात्र इतका देखणा झाला, की आरशात बघून पुंजाजी रडला.

संध्याकाळी काच पुसताना वामनरावचा हात थांबला. त्याच काचेवर त्यानं आधी लवंगेचा लेप घोटला होता. उरलेल्या भरावाचा गोळा टणक झाला होता. पण जिथं तो लेपाला शिवला होता, तिथं नख लावताच कच्च्या भाकरीसारखा निघून आला. पुंजाजीच्या दातातही हेच झालं असणार. बोटांना लवंगेचा वास राहिला. दोनदा साबण लावला तरी जाईना.

मधे अख्खा शुक्रवार होता, शनिवार होता. वरवट बकाल काही सातासमुद्रापार नाही. शनिवारी सकाळी त्यानं सायकल बाहेर काढली आणि परत भिंतीला लावली. जाऊन सांगायचं काय? डॉक्टर चुकला म्हणून? टिकेलही एखादवेळी, असं त्यानं मनाला समजावलं. दुपारी भातात लवंग लागली, तसा ताट सरकवून उठला.

रविवारी वरवट बकालच्या त्या लग्नाला त्यालाही आग्रहाचं बोलावणं होतं. नवरदेव घोड्यावर बसून मारुतीच्या दर्शनाला निघाला. पुढं बँड, बँडच्या पुढं पुंजाजी. असा वाजवत होता की बायका हातातली कामं टाकून ओट्यावर आल्या. वामनरावचं कुठलं लक्ष सुरांकडे. प्रत्येक उंच सुराला तो पुंजाजीच्या तोंडाकडे बघे. पारापर्यंत सगळं नीट पार पडलं. मग घोडा वळला, पुंजाजीनं चढा सूर धरला आणि तो मधेच चिरकला. पुढं नुसती हवा. त्यानं तळहातावर काहीतरी थुंकलं. गुलाबरावांनी क्लॅरनेट त्याच्या हातातून काढून घेतलं आणि मागच्या माणसाला दिलं. लोक नाचत पुढं गेले.

पुंजाजी थेट वामनरावकडे आला. मुठीत पांढरा तुकडा. आता चार माणसांत आपली लाज जाते, या भीतीनं वामनराव दोन पावलं मागं सरला.

"तुमचा दोष नाई, डाक्टरसाहेब," पुंजाजी म्हणाला. "पुष्पीनं घात केला. ठनकू नाई म्हून रोज त्या तेलाचा बोळा ठेवे दातावर. मी नाई नाई म्हनत होतो. त्यानंच सुटला असंन ना?"

वामनरावनं तुकडा उलटून पाहिला. बाहेरची बाजू काचेसारखी कडक होती. मऊ होती ती आतली, मुळाकडची, जिथं बोळा पोचत नाही आणि त्याचा स्वतःचा लेप पोचतो. हे कळणारा माणूस त्या गावात एकच होता.

"हो," तो म्हणाला. "लवंगेचं तेल असंच करतं."

"वाटलंच मले." पुंजाजीनं वाकून पायातली वहाण काढली, हातात घेतली आणि घराकडे निघाला. घर पाराच्या पलीकडंच होतं. त्याला हाक मारावी असं वामनरावला वाटलं, मनापासून वाटलं, पण तो जागचा हलला नाही. दारात पुष्पाबाई उभी होती. नवरा तोंडावर हात धरून येतो आहे हे बघून तिनं घाईघाईनं पदराची गाठ सोडली आणि बाटली बाहेर काढली.